कोल्हापुरातून एका दिवसात कोकणातली दीपगृहं: देवगड धरावं की रत्नागिरी-जयगड?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी पहाटे कोल्हापुरातून निघायचं आणि रात्री घरी परत, असा बेत आहे. फक्त दीपगृहांसाठी. बीच, देवदर्शन ओघात झालं तर झालं. माणसं पाच: आम्ही दोघं, मुलं नऊ आणि तेरा वर्षांची, आणि वडील अडुसष्टचे. गुडघा दुखतो, पण सावकाश चढतात. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक.

नकाशात रत्नागिरी, जयगड आणि देवगड ही तीन जवळची दिसतात. तिन्ही एका दिवसात होतील का? आत सोडतात का? घाट कुठला धरावा? आणि वर गेल्यावर नेमकं बघायचं काय? मुलांना नुसता उंच मनोरा दाखवून परत आणायचं नाही. वेंगुर्ल्याच्या समुद्रात खडकावर एक दीपगृह आहे म्हणतात, ते जमेल का?

घाटवाट

तिन्हींचा नाद सोडा. किलोमीटर जमतील, पण घड्याळ जमणार नाही. दीपगृह हे काही दिवसभर उघडं असलेलं संग्रहालय नाही. चालू सरकारी कामाची जागा आहे ती. लोकांना वर सोडतात ते साधारण दुपारी चारनंतर, आणि सूर्यास्ताआधी सगळ्यांना खाली उतरवतात, कारण दिवा लावायचा असतो. इकडे बहुतेक ठिकाणी हाच तास-दीड तास. म्हणजे एका दिवसात एकच दीपगृह चढून होतं, बाकीची बाहेरून बघायची. हे डोक्यात ठेवून उलटा बेत आखा: चार वाजता कुठल्या दाराशी उभं राहायचं ते आधी ठरवा, मग सकाळ कशी भरायची ते बघा. लोक नेमकं उलट करतात. सकाळी दहाला दीपगृहाशी पोचतात, कुलूप बघतात, फोटो काढून निघतात आणि मग सांगत फिरतात की आत सोडतच नाहीत.

माझं मत देवगड. वाट अशी: पहाटे साडेपाचला रंकाळ्यावरून निघालात तर गगनबावडा ५५ किलोमीटर, सात-सव्वासातपर्यंत. तिथे चहा घ्या, पुढे घाटात थांबायला धड जागा नाही. करूळ घाट उतरून वैभववाडी, तिथून तळेरे. तळेऱ्याला मुंबई-गोवा हायवे लागतो. तिथून पडेल कॅन्टीन या ठिकाणावरून विजयदुर्ग पन्नासेक किलोमीटर. सगळं मिळून १४० च्या आसपास, थांबत-थांबत दहा-सव्वादहा वाजतात. विजयदुर्गला अडीच तास द्या. नंतर जामसंडेमार्गे देवगड, तीस किलोमीटर. जेवण अडीचच्या आत उरका, कारण रविवारी तीननंतर चांगल्या खाणावळीत मासे संपलेले असतात आणि मग पनीर खावं लागतं. पावणेचारला देवगड किल्ल्यावर. गाडी किल्ल्यापर्यंत जाते, त्यामुळे वडिलांना चढ असा नाही.

देवगडचा किल्ला १७०५ चा, कान्होजी आंग्र्यांच्या काळातला. दीपगृह १९१५ चं. किल्ला तीन बाजूंनी समुद्रात घुसलेला, जमिनीच्या बाजूला खंदक. दिवा इथेच का बांधला ते जागेवर उभं राहिलं की सांगावं लागत नाही.

तिकीट किरकोळ आहे, पण सुटे पैसे ठेवा. कॅमेऱ्याचं तिकीट बहुतेक ठिकाणी वेगळं असतं. मोठ्यांचं एखादं ओळखपत्र जवळ असू दे. आणि आदल्या दिवशी देवगडातल्या कुणाला तरी विचारून घ्या की उद्या उघडं आहे ना. रंगकाम किंवा दुरुस्ती निघाली की बंद ठेवतात आणि त्याची पाटी कोल्हापुरात लागत नाही.

वेंगुर्ला रॉक्स या सहलीत नको. ते निवतीसमोर भर समुद्रात आहे. होडी ठरवावी लागते, खडकावर उतरायला नीट धक्का नाही, लाट जरा उठली की होडी लावताच येत नाही. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे, त्यामुळेही गर्दीने जायची ती जागा नव्हे. निवतीच्या किनाऱ्यावरून लांबून बघा, तेही दुसऱ्या एखाद्या वेळी.

शास्त्रीकाठचा

देवगड चांगलंच आहे, पण कोल्हापूरकर रत्नागिरीकडे दुर्लक्ष का करतात कळत नाही. रस्ता सोपा पडतो आणि परतीचं अंतर कमी.

आंबा घाट उतरून साखरपा, पाली, हातखंबा. हातखंब्याहून रत्नागिरीत न जाता हायवेने उजवीकडे निवळी फाट्यापर्यंत जा आणि तिथून जयगडचा रस्ता धरा, चाळीसेक किलोमीटर. या रस्त्यावर बंदराचे अवजड ट्रक असतात, म्हणून सकाळी लवकर गेलेलं बरं. जयगडला किल्ला वेगळीकडे आणि दीपगृह वेगळीकडे. दीपगृह टोकावर, कऱ्हाटेश्वराच्या देवळाच्या बाजूला. सकाळी ते बाहेरूनच दिसेल, पण बाहेरून बघण्यासारखं तेच आहे. मनोरा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे. वक्र ओतलेले तुकडे एकमेकांना बोल्टने जोडून उभा केलेला. दगडी मनोरा जागेवर घडवावा लागतो. बिडाचे तुकडे कारखान्यात ओतून, नंबर टाकून, जहाजाने आणून जोडता येतात. उद्यमनगरात फौंड्री बघितलेल्या पोरांना हे लगेच कळेल. जोडाच्या पट्ट्या, बोल्टांच्या रांगा आणि रंगाचे थर नीट बघायला सांगा. खाऱ्या हवेत बीड शाबूत राहतं ते रंगामुळे. रंगाचा पापुद्रा सुटला की गंज पहिल्यांदा बोल्टाच्या डोक्याभोवती धरतो.

तिथून मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे असा समुद्राकडेचा रस्ता धरून रत्नागिरी, पंचेचाळीसेक किलोमीटर. रविवारी गणपतीपुळ्यात बारा वाजता गाडी अडकली की तास गेला. अकराच्या आत ते गाव ओलांडा. जेवून चारला भगवती किल्ल्यावर. म्हणजे रत्नदुर्ग, पण रिक्षावाल्याला रत्नदुर्ग म्हणालात तर तो क्षणभर विचार करतो. किल्ला घोड्याच्या नालासारखा आहे, देऊळ एका टेकडीवर आणि दीपगृह दुसरीकडे, सिद्ध बुरुजाच्या बाजूला. १८६७ सालचं. लोक देवळाकडे जातात, तिथून समोर मनोरा बघतात आणि परत येतात. दीपगृहाचा फाटा वेगळा आहे, तो विचारून घ्या.

एकूण फिरणं ३४० किलोमीटरच्या घरात, देवगडच्या बेतापेक्षा थोडं जास्त. पण रत्नागिरी ते कोल्हापूर परतीला १३० किलोमीटर आणि साडेतीन तास.

भिंगवाला

वर काय बघायचं, हे कुणी सांगितलं नाही अजून.

आधी एक गैरसमज. कोकणातले मनोरे बघून माणूस हिरमुसतो. एवढंसंच? खरी उंची मनोऱ्याची नसते, दिव्याची समुद्रसपाटीपासूनची असते. किनारा सपाट असेल तर मनोरा उंच बांधावा लागतो. इथे देवाने कातळाचा कडा आयता दिलाय, त्यावर बुटका मनोरा पुरतो. उलट जास्त उंच केला तर दिवा सकाळच्या धुक्यात जातो.

उंचीवरून अंतर काढायचं गणित सोपं आहे, तेरा वर्षांच्या मुलाला करायला द्या. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले २.०८, उत्तर सागरी मैलांत. समजा दिवा समुद्रापासून ६४ मीटरवर आहे. वर्गमूळ ८, म्हणजे १६.६ सागरी मैल. होडीतल्या माणसाचे डोळे पाण्यापासून ४ मीटरवर असतील तर त्याचे वेगळे ४.२. बेरीज २०.८ सागरी मैल, म्हणजे साडेअडतीस किलोमीटर. इतक्या लांबून दिवा क्षितिजावर डोकं काढतो. दिव्याभोवतीच्या सज्जात उभं राहून तुम्हाला क्षितिज मात्र १६.६ मैलांवर, एकतीसेक किलोमीटरवर दिसेल. खरी उंची बऱ्याचदा आतल्या फलकावर लिहिलेली असते, ती घालून गणित करा.

आता भिंग. पूर्ण जाडीचं भिंग या आकारात केलं तर ते टनावारी काचेचं होईल आणि निम्मा प्रकाश स्वतःच गिळेल. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनियरने १८२० च्या दशकात तोडगा काढला: प्रकाश वाकवायचं काम भिंगाचा वक्र पृष्ठभाग करतो, मधली जाडी फुकटची. ती काढून टाकायची आणि वक्र पट्ट्या तेवढ्या कड्या-कड्यांनी बसवायच्या. मधे बैलाच्या डोळ्यासारखं गोल भिंग, त्याभोवती कडी, वर-खाली लोलक. जवळून बघाल तर मधल्या पट्ट्या प्रकाश नुसता वाकवतात आणि टोकाकडचे लोलक आतल्या आत परावर्तित करून बाहेर फेकतात. टोकाकडे कोन इतका तिरपा होतो की नुसतं वाकवून भागत नाही, म्हणून.

भिंगांना दर्जे असतात. पहिल्या दर्जात दिवा ते भिंग अंतर ९२० मिलिमीटर, तिसऱ्यात ५००, चौथ्यात २५०. सोबत टेप न्या आणि अंदाज करा, पण काचेला हात लावू नका. बोटाचा तेलकट डाग उजेड पसरवतो, आणि जुन्या काचेचा कोपरा उडाला तर तसला तुकडा आज बाजारात मिळत नाही.

मुलं हमखास विचारतात की दिवा उघडझाप कशी करतो. फिरत्या भिंगाच्या दीपगृहात दिवा विझतच नाही. तो सतत जळतो आणि त्याभोवती भिंगांचा पिंजरा फिरतो. एकेक भिंग तुमच्या रोखाने आलं की लखकन उजेड दिसतो. चार भिंगं असतील आणि पिंजरा वीस सेकंदांत फेरी मारत असेल तर दर पाच सेकंदांनी झोत. दोन भिंगं जवळजवळ लावली की दोन झोत लागोपाठ आणि मग मोठा अंधार. हीच त्या दीपगृहाची सही. खलाशाला रात्री किनारा दिसत नाही, त्याला हे झोत मोजून कळतं की समोर देवगड आहे की रत्नागिरी. दोन शेजारच्या दीपगृहांना सारखी सही कधी देत नाहीत.

पूर्वी हा पिंजरा घड्याळासारख्या यंत्राने फिरायचा. मनोऱ्याच्या मधोमध वजन सोडलेलं, ते हळूहळू उतरायचं, आणि राखणदार रात्रीतून कितीदा तरी चावी देऊन ते वर ओढायचा. मनोऱ्याच्या पोटात जिन्याच्या मधे पोकळी दिसली तर ती त्यासाठी असू शकते. टनावारी वजनाचं भिंग सहज फिरावं म्हणून ते पाऱ्याच्या गोल पन्हळीत तरंगत ठेवत. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, त्यामुळे थोड्या पाऱ्यावरही केवढं तरी वजन तरंगतं. बोटाने ढकललं तरी फिरतं. अशी पन्हळ अजून असेल तिथे दोन गोष्टी: वाफ आरोग्याला वाईट, म्हणून तोंड खाली घालून बघत बसू नका, आणि अंगठी, बांगडी, मंगळसूत्र लांब ठेवा. सोन्याला पारा लागला की ते पांढरं पडतं, मग सराफाकडे जावं लागतं.

जळायचं काय, तर तेलाची वात, मग रॉकेलची वाफ करून जाळीवर पेटवणारा बर्नर (आपली लग्नातली गॅसबत्ती, मोठी केलेली), मग वीज. आता लहानशा बल्बवर किंवा एलईडीवर भागतं. दिवा बघून निराश व्हाल इतका तो छोटा असतो. सगळी करामत भिंगाची.

आणि दिवसा भिंगाला पडदे का लावलेले असतात ते मुलांना ओळखायला सांगा. उत्तर: जे भिंग आतला उजेड बाहेर झोताने फेकतं, तेच बाहेरचं ऊन आत एका बिंदूवर गोळा करतं. दिव्याच्या जागी काहीही जळू शकतं.

रंकाळाकाठ

भिंगवाले, हे छापून घेऊन जातो. घाटवाट आणि शास्त्रीकाठचे, दोघांचे बेत पटतायत, त्यामुळे पंचाईत. वडिलांना जिना कितपत झेपेल? आणि रात्रीचा घाट याचीच घरात काळजी आहे.

भिंगवाला

जिना गोल आणि अरुंद असतो, कठडा एकाच बाजूला. तिथवर गुडघा धरून जाता येतं. अडचण शेवटी आहे. दिव्याच्या खोलीत शिरायला बऱ्याच ठिकाणी लोखंडी, जवळजवळ उभी शिडी आणि वर झडप असते. त्या शिडीवर गुडघा पूर्ण दुमडावा लागतो, आणि उतरताना तोंड शिडीकडे करून उतरावं लागतं. वडिलांनी शिडीच्या खालच्या मजल्यापर्यंतच जावं. पाठीवरची सॅक खाली गाडीतच, झडपेत अडकते. चप्पल नको, मागून पट्टा असलेलं काहीतरी घाला. सज्जात वारा एवढा असतो की टोपी आणि चष्मा सांभाळावा लागतो. नऊ वर्षांच्या मुलाचा हात कठड्याशी धरूनच ठेवा, जुन्या कठड्यांच्या गजांत अंतर बरंच असतं.

ड्रोन नेऊच नका. अनेक दीपगृहांवर तटरक्षक दलाची रडार आणि कॅमेरे बसवलेले आहेत. फोटो काढण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा, यंत्रांचे काढू देत नाहीत.

दाजीपूर नाका

रात्रीच्या घाटाबद्दल लिहितो, कारण सगळे जातानाचाच घाट सांगतात.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दिवा लागलेला बघून सात वाजता निघालात तर घाट साडेआठ-नऊला लागतो. देवगडहून परतायला दोन वाटा. एक करूळ, आलात तशीच. दुसरी देवगड-निपाणी रस्ता: शिरगाव, नांदगाव तिठा, फोंडा, फोंडाघाट, दाजीपूर, राधानगरी, तिथून कोल्हापूर. दुसरी नकाशात सरळ दिसते, पण रात्री मी ती सुचवणार नाही. दाजीपूर अभयारण्यातून जाते. गवा अंधारात काळा, त्याचे डोळे हेडलाइटच्या उंचीच्या वर असतात, त्यामुळे चमकायच्या आधी शिंग दिसतं आणि तोवर ब्रेक लावायला रस्ता उरत नाही. एक दिसला की मागे कळप आहे असंच धरा: दिवे खाली करा, हॉर्न नको, थांबा, जाऊ द्या. आंबा घाटाच्या माथ्यावरही हीच गोष्ट.

करूळ घाटाचं गेल्या काही वर्षांत रुंदीकरण आणि काँक्रिटीकरण झालं, त्या काळात तो बरेच महिने बंदही होता. पावसाळ्यात दरड आली की पुन्हा बंद. निघायच्या आदल्या दिवशी गगनबावड्यात चालू असल्याची खात्री करा. बंद असेल तर गगनबावड्याहूनच भुईबावडा घाट सुटतो, पण तो अरुंद आहे, रात्री नवख्याने धरू नये.

सकाळी उतरताना एक चूक हमखास होते. पायाने ब्रेक दाबत-दाबत घाट उतरायचा. चार-पाच वळणांत ब्रेकचा वास येतो, पॅड तापले की पकड सुटते आणि पेडल खाली जाऊन लागतं. ज्या गिअरमध्ये तो घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. हॅचबॅकला बहुतेक दुसरा. पाच माणसं आणि डिकी भरलेली असेल तर वळणावर पहिला. वास आलाच तर थांबा, वीस मिनिटं गार होऊ द्या, चाकावर पाणी ओतू नका. तापलेली डिस्क वाकडी होते.

हवा टायरमध्ये पाच माणसांची भरा, दाराच्या चौकटीवर आकडा लिहिलेला असतो. पेट्रोल कोल्हापुरातूनच टाकी फुल्ल. घाटात फोनला रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

खडपी

एक गोष्ट राहिली, भरती-ओहोटी. दीपगृहाखालचं खडप, म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा खडक, बघायला मुलं उतरणारच, आणि बाहेरून आलेली माणसं तिथेच फसतात. ओहोटीला आत गेलेली असतात, भरती मागून चरातून भरते आणि परतीची वाट आधी बुडते.

भरतीची वेळ काढायला मोबाइलची गरज नाही. कालनिर्णय बघून तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, भरतीचा तास येतो. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी, बाराच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, ओहोटी संध्याकाळी सव्वापाचला. शुक्ल पक्ष असो की वद्य, प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण जायचं की नाही एवढं ठरवायला पुरतं.

म्हणून तुमच्या रविवारांतून पौर्णिमा किंवा अमावास्येच्या जवळचा निवडा. चार ते सहाच्या दरम्यान पाणी मागे गेलेलं असेल. पण त्याच दिवशी उधाण असतं, पाणी दोन-अडीच मीटर वरखाली होतं आणि साडेपाचनंतर जोरात परत फिरतं. साडेपाचला सगळे वर. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी संथ, पण संध्याकाळी भरती, त्यामुळे खडप मिळणार नाही.

आणि कड्याच्या अगदी टोकावर बसून फोटो नको. आपल्याकडे वर जांभ्याची कडक टोपी असते आणि तिच्याखाली मऊ मातीचा थर. लाट आणि पाझर तो थर खातात आणि वरची टोपी खालून पोकळ होऊन पुढे तरंगत राहते. वरून ती घट्ट जमीनच वाटते. भेग दिसली तर तिच्या समुद्राकडच्या बाजूला पाय टाकायचाच नाही.

पन्हाळकर वाडी

मतदान देवगडला, कारण विजयदुर्ग वाटेत आहे आणि ते आपल्या घरचं प्रकरण आहे. किल्ला मुळात शिलाहार राजा दुसरा भोज याने १२ व्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतला असं मानतात, आणि भोजाची राजधानी होती पन्हाळा. म्हणजे पन्हाळ्याचा मालकच तिकडे समुद्रावर पहारा ठेवून होता. महाराजांनी तो १६५३ मध्ये घेतला.

पुढची गोष्ट तर शाळेत शिकवतच नाहीत: कोल्हापूर संस्थानाला खरोखरचा समुद्र होता. मालवण आणि सिंधुदुर्ग करवीरकर छत्रपतींकडे होते. १८१२ च्या तहात ते इंग्रजांकडे गेले आणि आपण घाटावर अडकलो. देवगडचा दिवा १९१५ चा आणि रत्नागिरीचा १८६७ चा, दोन्ही त्यानंतरचे, हे लक्षात घ्या. किल्ले मराठ्यांचे, त्यांच्या डोक्यावरचे दिवे इंग्रज राजवटीतल्या जहाजवाहतुकीसाठी. मुलांना मनोरा आणि तटबंदीचा दगड शेजारी ठेवून बघायला सांगा, काम वेगळं दिसतं.

विजयदुर्गावर "हेलियम इथे सापडला" असं ऐकायला मिळेल. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं आणि त्यातूनच हेलियमची पिवळी रेषा पुढे आली, एवढं खरं. पण ज्यांचं नाव घेतात ते इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते, आणि फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सन गुंटूरला. किल्ल्यावर या ग्रहणाशी जोडला जाणारा 'साहेबाचा कट्टा' आहे, त्यावर बसून फोटो काढा, बाकी मीठ टाकून ऐका.

घाटवाट

दाजीपूर नाक्याचं बरोबर, परतीला करूळच. आणि वडील आहेत तर सात वाजेपर्यंत थांबूच नका. दिवा पेटताना बघायचा असेल तर किल्ल्याच्या बाहेर, रस्त्यावर गाडी वळवून लावा, सूर्यास्ताच्या सुमारास चालू होतो. मोजायला मोबाइलचं स्टॉपवॉच: पहिल्या झोताला चालू, तीच खूण पुन्हा येईपर्यंत एक फेरी. एका फेरीवर विश्वास ठेवू नका, पाच फेऱ्यांचा वेळ घेऊन पाचाने भागा. लगेच निघा. जेवण वाटेत नको, तळेऱ्याला चहा आणि घरून नेलेला भडंग. साडेदहाच्या आत रंकाळा.

रंकाळाकाठ

ठरलं, देवगड. अमावास्येजवळचा रविवार बघतो. धाकट्याचा शेवटचा प्रश्न, हसू नका: गगनबावड्याच्या गगनगडावरून रात्री देवगडचा दिवा दिसेल का?

भिंगवाला

हसण्यासारखा नाही, गणितात बसतो. गगनबावड्याचा माथा सहाशे मीटर धरला तर वर्गमूळ साडेचोवीस, गुणिले २.०८, एक्कावन्न सागरी मैल, म्हणजे ९४ किलोमीटर. देवगड हवाई अंतराने पन्नासेक. म्हणजे पृथ्वीची गोलाई आड येत नाही, मधला डोंगर नसला तर. अडचण दुसरी आहे. दिव्याचा पल्ला सांगतात तो हवा बऱ्यापैकी स्वच्छ असताना किती लांब उजेड पोचेल यावर, आणि घाटाखालच्या दमट हवेत तो निम्मा मरतो. शिवाय जमिनीकडची बाजू बऱ्याच दीपगृहांत आडोसा लावून अंधारी ठेवतात. गावातल्या लोकांच्या खिडकीत रात्रभर झोत कशाला? ऑक्टोबरचा धूसरपणा गेल्यावर, डिसेंबरात उत्तरेचा कोरडा वारा असलेल्या रात्री प्रयत्न करायला हरकत नाही. फक्त दिसलेला दिवा तोच का, हे झोत मोजूनच म्हणा. आधी देवगडला जाऊन त्याची सही लिहून आणलेली असेल तर धाकट्याला ते जमेल.